राजा रविवर्मा पुन्हा पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवर्म्यांवर स्लाइड दाखवून बोललं की नंतर चहाच्या वेळी लोक गाठून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे हात आखडला नाही.

‘आंतरविद्याशाखीय कलाइतिहास’ हे काय प्रकरण आहे?

शब्द बोजड आहे, काम तसं नाही. चित्रकार कोणाकडे शिकला, कोणाचा प्रभाव पडला, रंग आणि रचना कशी आहे, हे कलाइतिहास पहिल्यापासून विचारत आला आहे. रविवर्म्यांबद्दल एवढंच विचारलं तर उत्तर मिळतं ते असं : त्रावणकोरातल्या किळिमानूरचा, राजघराण्याशी सोयरिक असलेल्या घरातला चित्रकार, युरोपीय तैलरंगाचं तंत्र, पुराणातले विषय. सगळं बरोबर आहे. पण ज्यांनी जन्मात एक तैलचित्र पाहिलं नव्हतं त्यांच्या घरात रविवर्म्यांची लक्ष्मी कशी जाऊन पोचली, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी जुन्या छापखान्यांचा इतिहास माहीत असलेल्या माणसाकडे जावं लागतं, संगीत नाटकाच्या अभ्यासकाकडे जावं लागतं, साड्यांची जाण असलेल्या बाईंना विचारावं लागतं, प्लेगच्या साथीबद्दल वाचावं लागतं. आणि हे सगळं करून पुन्हा चित्रासमोर येऊन उभं राहावं लागतं. माझी कसोटी एवढीच आहे : दुसऱ्या शाखेतून आणलेल्या माहितीमुळे चित्रात आधी न दिसलेलं काही दिसलं का? नसेल दिसलं, तर ती माहिती कितीही रंजक असो, ती कलाइतिहासाच्या कामाची नाही.

विषय तर पुराणातलेच. मग त्यांना आधुनिक का म्हणायचं?

विषयावरून ठरवलं तर म्हणता येणार नाही. पण काम करण्याची रीत पाहा. दरबारी चित्रकार एका धन्याच्या पदरी असे. रविवर्मा (जन्म १८४८) बडोदा, म्हैसूर, उदयपूर असे फिरून काम घेत. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळालं, १८९३ मध्ये त्यांची दहा चित्रं शिकागोला गेली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी केलेली पौराणिक चित्रं राजवाड्यात लागण्याआधी लोकांना पाहायला खुली झाली आणि गर्दी लोटली. तिकडे राजा, इकडे प्रेक्षक, आणि मध्ये रेल्वेनं फिरणारा, प्रदर्शनं आणि पदकं यांचं महत्त्व ओळखणारा चित्रकार. हे सगळं आपल्याकडे तेव्हा नवीन होतं.

आणखी एक. ‘रविवर्मा’ हे एका माणसाचं नाव असलं तरी काम एकट्याचं नव्हतं. धाकटे भाऊ सी. राजा राजवर्मा स्वतः निसर्गचित्रकार होते, दौऱ्यांवर बरोबर असत, चित्रांत हातभार लावत. त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली. प्रवास, ऑर्डरी, भेटीगाठी, पाहिलेली नाटकं, सगळं तीत येतं. ती वाचली की एकांतात तंद्री लावून बसलेल्या प्रतिभावंताची प्रतिमा विरते आणि दोन भावांचा एक चालता कारखाना दिसू लागतो. राजा राजवर्मा १९०५ मध्ये गेले, रविवर्मा त्याच्या पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी. बहीण मंगला बाई याही चित्रकार होत्या. त्यांचं नाव मात्र अजूनही तळटीपेतच राहतं.

ते तैलरंग शिकले कोणाकडे?

घरी मामांकडे, आणि मग त्रिवेंद्रमच्या दरबारात पाहून पाहून. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानं शिकवलं नाही, फक्त रंगवताना पाहू दिलं. मामांचा हात तंजावर शैलीत बसलेला होता. ही शैली तंजावरच्या मराठे राजांच्या आश्रयानं बहरली होती, त्यामुळे रविवर्म्यांच्या चित्रात दागिने एवढे ठसठशीत का चमकतात, याचा एक धागा भोसल्यांच्या दरबारापर्यंत जातो. युरोपीय धड्याबद्दल सगळे बोलतात, या दुसऱ्या धड्याबद्दल कमी.

त्यांची चित्रं ‘नाटकी’ वाटतात. मराठी नाटकांवरून घेतली होती का?

नाटकी वाटतात, खरं आहे. पण ‘घेतली होती’ म्हणताना जपून. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. रविवर्म्यांची कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला त्याच्या आधीची, १८७६ ची. ते चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी घेतलं आणि पुढे संस्कृतचे इंग्रज पंडित मोनियर विल्यम्स यांच्या ‘शाकुंतला’च्या इंग्रजी अनुवादाला मुखचित्र म्हणून छापलं गेलं. म्हणजे रंगभूमी आणि चित्र दोन्ही एकाच वेळी कालिदासाकडे वळले होते, आणि कालिदास परत आला होता तो बराचसा युरोपीय विद्वानांच्या कौतुकाचा शिक्का घेऊन. मुंबईच्या मुक्कामात दोघे भाऊ नाटकं पाहत. पुढे नाटक कंपन्यांनी वेषभूषेसाठी, ‘पोज’साठी रविवर्म्यांच्या छापील तसबिरींकडे पाहिलं. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. कोण आधी, हा वाद फारसा फळत नाही.

चित्राकडे परत येऊ. १८९८ ची ‘दुष्यंताची वाट पाहणारी शकुंतला’ घ्या. ती सख्यांबरोबर निघाली आहे. पायात काही रुतल्याचं निमित्त करून थांबली आहे, एक हात सखीच्या खांद्यावर, एक पाऊल उचललेलं, आणि मान मागे वळलेली. निमित्त कालिदासाचंच आहे, दर्भाचा अंकुर रुतल्याचं. पण चित्रात दुष्यंत कुठेच नाही. तो चौकटीबाहेर आहे. विंगेत उभ्या असलेल्या नटाकडे बोट न दाखवता प्रेक्षकाला त्याची जाणीव करून द्यायची, ही रंगभूमीची युक्ती इथे कॅनव्हासवर चालली आहे. नाटकाचा अभ्यास केला नसता तर आपण ‘लाजरी नायिका, सुंदर अंगलट’ एवढं म्हणून पुढे गेलो असतो. आणि कालिदासाची शकुंतला वल्कलं नेसते. इथे ती साडी-चोळीत आहे. आश्रमकन्या एकोणिसाव्या शतकातल्या घरंदाज बाईसारखी दिसावी, हा निर्णय रविवर्म्यांचा.

प्रेसची हकिगत काय आहे?

सल्ला मुळात सर टी. माधवराव यांचा. तंजावरच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण होते. निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रती, करून घ्या, असं त्यांनी १८८४ मध्ये सुचवलं. रविवर्म्यांनी युरोपात पाठवण्याऐवजी इथेच प्रेस काढला. १८९४ मध्ये घाटकोपरला तो सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, मुख्य तंत्रज्ञही जर्मन. पहिलं छापील चित्र ‘शकुंतलाजन्म’.

शिळाछपाईचं तत्त्व साधं आहे : तेलकट खूण पाणी घेत नाही आणि ओली शिळा शाई घेत नाही. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं, शिळा भिजवायची, रूळ फिरवायचा; शाई फक्त चित्रावर बसते. रंगीत छपाईत दर रंगाला वेगळी शिळा. एकाच कागदावर दहा-बारा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा दाब द्यायचा, आणि दर वेळी कागद केसभरही सरकता कामा नये. शेवटी वर रोगणाचा हात आणि कॅनव्हासची पोत उठवणारा दाब, म्हणजे झाला ओलिओग्राफ.

आता यातली मेख लक्षात घ्या. लक्ष्मीच्या गालावरची सावली तैलचित्रात ब्रशनं विरघळवलेली असते. तिचे गुलाबी, पिवळा, करडा, निळसर असे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळ्या शिळेवर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवणारा कुणीतरी कारागीर होता. आपण ‘रविवर्म्यांची लक्ष्मी’ म्हणून जो चेहरा ओळखतो, तो बहुतेकांच्या बाबतीत या कारागिराच्या हातचा आहे. त्याची सही कुठे नाही. मूळ चित्र आणि छापील प्रत शेजारी ठेवून पाहिली तर छापील चेहरा जरा कडक, बाह्यरेषा जास्त ठाम, डोळे जास्त स्पष्ट. हा दोष म्हणून सोडून देऊ नये. मंद उजेडाच्या खोलीत, हातभर अंतरावरून, हात जोडून पाहायच्या चित्राला ठाम रेषा सोयीची असते.

धंदा मात्र सुरळीत चालला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळू लागली. प्रेस घाटकोपरहून मळवलीला, कार्ला-लोणावळ्याच्या बाजूला हलवला. मळवली मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर होतं, हे महत्त्वाचं. शिळा, यंत्रं आणि कागद डोक्यावरून नेण्याच्या गोष्टी नव्हेत. कर्ज वाढत गेलं आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत भावांनी प्रेस फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. म्हणजे रविवर्मा प्रेसच्या पुष्कळ तसबिरी निघाल्या तेव्हा तो रविवर्म्यांचा नव्हताच. तिथे पुढे मराठी चित्रकार धुरंधरांचीही चित्रं छापली गेली. १९७२ च्या आगीत कारखाना गेला.

‘देव मंदिरातून घराघरांत आणले ते रविवर्म्यांनी’, हे खरं ना?

भाषणात छान वाटतं. जसंच्या तसं खरं नाही. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं शिळाप्रेसवर छापत होती. त्याच वर्षी कलकत्ता आर्ट स्टुडिओही निघाला होता. आणि देव घरात नव्हते असं आपल्याकडे कोण म्हणेल? देवघरातले टाक, खंडोबा-भवानीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. ज्यांना गाभाऱ्यात पाऊल ठेवू देत नसत त्यांच्याही घरात कुलदैवताचे टाक होतेच.

रविवर्म्यांनी बदल केला तो वेगळा. टाकावरच्या देवाला वजन नाही, वय नाही, पायाखाली जमीन नाही. रविवर्म्यांची सरस्वती खडकावर बसली आहे, मागे झाडी आहे, जवळ मोर आहे, वीणेवर बोटं दाबलेली दिसतात. चार हात आहेत, पण पुढच्या दोन हातांचं वजन आणि वळण इतकं पटणारं आहे की मागच्या दोन हातांबद्दल शंका येत नाही. देवाला शरीर आणि ठिकाण मिळालं. हा बदल पोचला मात्र स्वस्त कागदामुळे, म्हणून धर्माचा अभ्यासक आणि छपाईचा अभ्यासक दोघांनी एकाच टेबलाशी बसायला हवं.

साडीबद्दल एवढी चर्चा का होते?

कारण पुराणात साडी नाही, आणि रविवर्म्यांना निर्णय घ्यावाच लागला. दमयंतीला काय नेसवायचं? केरळचं मुंडू नेसवलं तर ती मल्याळी होते, घागरा दिला तर उत्तरेकडची. त्यांनी पौराणिक बायकांना साडी दिली, तीही पुष्कळदा दख्खनकडच्या वळणाची, काठापदराची. म्हैसूरला असलेल्या १८८९ च्या ‘गायिका-वादकांच्या मेळ्या’त अकरा बायका वेगवेगळ्या समाजांच्या वेषात एकत्र बसवल्या आहेत : तिथे वेष म्हणजे प्रांत आणि जात. पौराणिक चित्रांत मात्र वेष प्रांताचं नाव पुसायला वापरला आहे. हे दोन प्रकार समोरासमोर ठेवल्याशिवाय ‘राष्ट्रीय पोशाख’ वगैरे बोलू नये.

आणि ‘सगळ्या भारताची’ म्हणून जी बाई तयार झाली ती गोरी, उच्चवर्णीय, दागिन्यांनी मढलेली आहे. हे लक्षात आणून दिलं की काही श्रोते नाराज होतात. पण चित्र आवडणं आणि त्यात कोण नाही हे विचारणं, दोन्ही एकाच डोक्यात मावतं.

आजीच्या तसबिरीवर जरी आणि टिकल्या शिवलेल्या आहेत. चित्र खराब केलं म्हणायचं का?

अजिबात नाही, उलट फार मोलाची वस्तू आहे. छापील लक्ष्मीच्या साडीवर खरी जरी, पदरावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी, कधी अख्खी साडीच कापडाची चिकटवलेली, हे काम घरोघरच्या बायकांनी केलं. चेहरा आणि हात तेवढे छापील राहतात. कलाइतिहास बराच काळ या वस्तूंना हस्तकला म्हणून बाजूला ठेवत होता. मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी त्या पुढे आणल्या. देवाला वस्त्र चढवायचं असतं, मग मूर्ती पितळेची असो की कागदाची. विकत आणलेल्या यांत्रिक प्रतीची त्या बाईनं स्वतःची एकुलती एक प्रत केली. मला विचाराल तर कोऱ्या प्रतीपेक्षा अशी प्रत पाहायला मी दूरवर जाईन.

‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाक का मुरडतात?

रविवर्म्यांच्या मृत्यूच्या आसपासच कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी झोड उठवली : तंत्र परकं, भाव नाटकी, देवांमध्ये देवत्व नाही. पोटावर झोपून पत्र लिहिणारी शकुंतला निवेदितांना असभ्य वाटली. तिकडे अवनींद्रनाथ टागोरांभोवती बंगालमधली, युरोपीय तंत्र नाकारणारी चित्रकारांची चळवळ उभी राहत होती आणि तिला ज्याच्या विरोधात उभं राहायचं असा कुणीतरी हवा होता. नंतरच्या आधुनिक चित्रकारांना गोड वास्तववाद नको होता, आणि दरम्यान रविवर्म्यांच्याच प्रतिमा साबणाच्या जाहिरातींवर, काडेपेट्यांवर, कापडाच्या ताग्यांवरच्या टिकिटांवर गेल्या होत्या. म्हणजे नाक मुरडण्यालाही इतिहास आहे. १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, तेव्हाही वाद पेटलाच.

माझं मत? काही चित्रं खरोखर सपक आहेत. नुसतं रेशीम आणि अश्रू. तेवढं मान्य करूनही ‘हंस-दमयंती’समोर मान झुकते.

फाळक्यांचा काय संबंध?

दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्याआधी रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं, म्हणजे छायाचित्राच्या मदतीनं शिळेवर चित्र उतरवण्याचं काम केलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुरू होतो तेव्हा राजा, राणी आणि मुलगा यांची मांडणी रविवर्म्यांच्या तसबिरीची आठवण करून देते, असं सिनेमाच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. पौराणिक चित्रपटांत पात्र येऊन क्षणभर समोर स्थिर उभं राहतं आणि प्रेक्षक नमस्कार करतो, त्या क्षणाची सवय डोळ्यांना तसबिरींनी लावली होती.

प्रयोगशाळेचा काही उपयोग होतो का?

होतो. क्ष-किरण आणि अवरक्त छायाचित्रणातून रंगाखालची रेखाटनं, बदललेल्या जागा दिसू शकतात; रंगद्रव्यांच्या तपासणीतून नंतर कुणी केलेली डागडुजी ओळखता येते. दोन भावांचे हात वेगळे करायचे असतील तर रोजनिशी आणि यंत्र दोन्ही लागतील. मात्र यंत्राचं उत्तर आलं म्हणजे वाद मिटला असं होत नाही. यंत्र सांगतं की हात हलवला आहे. का हलवला ते रचना पाहणाऱ्यालाच सांगावं लागतं.

घरी जुनी तसबीर आहे. खरी कशी ओळखायची?

आधी खालची ओळ वाचा. ‘रविवर्मा प्रेस’ आणि पुढे मुंबई, किंवा कार्ला-लोणावळा असं इंग्रजीत छापलेलं असतं. त्यावरून काळाचा अंदाज येतो. काठ कापून फ्रेम केली असेल तर ही ओळ गेलेली असते. मग भिंग घ्या. शिळाछपाईत ठिपके लहानमोठे, विस्कळीत, हातानं दिलेले दिसतात. ठिपके एका साच्यात, ओळीनं दिसले तर नंतरची ऑफसेट प्रत आहे. मागचा पुठ्ठा पिवळा पडून ठिसूळ झाला असेल तर कागद त्याच्याबरोबर जातो. तो बदलून घ्या, पण जाणकाराकडून. ओल्या फडक्यानं पुसू नका. आणि हे ‘मूळ रविवर्मा’ नव्हे, छापील प्रत आहे, हे वारसांमध्ये वाटणी करताना लक्षात असू द्या. त्यावरून भांडणं झालेली ऐकली आहेत.

मूळ तैलचित्रांची गोष्ट निराळी. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली रविवर्म्यांची मूळ चित्रं ‘कलानिधी’ ठरली आहेत आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे लिलाव देशातच होतात, आणि परदेशातल्या संग्रहालयांत त्यांची चित्रं विरळ दिसतात. जगाच्या कलाइतिहासात त्यांचं नाव कमी येतं त्याला हेही एक कारण असावं.

प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

तिरुवनंतपुरमला श्री चित्रा आर्ट गॅलरीच्या शेजारची राजा रविवर्मा आर्ट गॅलरी, म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा, बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि फत्तेसिंह संग्रहालय, दिल्लीची राष्ट्रीय आधुनिक कला दीर्घा. महाराष्ट्रात साताऱ्याजवळ औंधला श्री भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि त्यांच्या संग्रहात रविवर्म्यांच्या जोडीनं धुरंधरांसारखे मराठी चित्रकारही पाहता येतात. सवड एकाच ठिकाणाची असेल तर बडोदा निवडा, नसेल जमत तर औंध. जाताना एखादी छापील प्रत मोबाइलवर ठेवा आणि मूळ चित्रासमोर दोन्ही ताडून पाहा; आधी डोळे, मग हात, मग साडीचा काठ.